लवंगीला मीठ लागू नये म्हणून

सई, ये गं इकडे, बस अशी जवळ. आणि आधी कान पुढे कर, धरायचाय. फोनवर ओरडले की तू "आजी, नेटवर्क" म्हणून पळतेस, म्हणून आज लिहायला बसलेय. कागदाला नेटवर्क लागत नाही. परवा तू टोरांटोहून तुझ्या नव्या गाडीचा फोटो पाठवलास. नवी म्हणजे तुझ्यासाठी नवी, कुणाची तरी वापरलेली. निळी, बसकी, दोन दारांची, बर्फात अंग फुगवून बसलेल्या पारव्यासारखी. मी फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिला. दाराखाली आणि चाकांच्या वर पांढरे ओघळ. हे काय गं, विचारलं, तर तुझं उत्तर आलं, "चिल आजी, इट्स जस्ट सॉल्ट. बर्फ वितळायला रोडवर टाकतात. स्प्रिंगमध्ये धुवेन."

जस्ट सॉल्ट म्हणे! अगं, लोणची घालणाऱ्या बाईची नात ना तू? लोणच्याच्या बरणीत चुकून लोखंडी पळी राहिली तर तिचं काय होतं, हे तुला लहानपणी स्टुलावर उभं करून दाखवलं होतं मी. काळी पडलेली, पापुद्रे सुटलेली पळी बघून तू नाक मुरडलंस आणि म्हणालीस, "ऊ, आजी, इट्स डेड." तेच मीठ आहे हे. स्प्रिंगपर्यंत ते तुझी वाट बघत बसणार नाही.

तुला वाटेल, आजी वाळवंटात राहते, हिला काय कळतंय. इथे आखातात, फुजैऱ्यात रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही, खरंय. टाकायची गरजच नाही, समुद्र रोज घरपोच आणून देतो. आपल्या गॅलरीच्या काचा सकाळी पुसल्या की दुपारी पुन्हा धुरकट. खिडकीचे गज, एसीचा बाहेरचा डबा, कपडे वाळत घालायची तार, सगळ्यांच्या अंगावर तांबूस पुरळ. आणि हिवाळ्यात तर विचारूच नको. उन्हाळ्यात निदान तापलेल्या पत्र्यावर ओल टिकत नाही. हिवाळ्यात रात्रभर दव पडतं, ते खारट हवेला हाताला धरून गाडीवर उतरतं आणि ऊन वर येईपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतं.

आज सकाळी तसं पहिलं दव पडलं. मी अंगणात गेले तर लवंगीच्या काचेवर थेंब जमलेले. पाय गार पडले. कपाटातून स्वेटर काढला, त्याला मागच्या वर्षीच्या डांबरगोळ्यांचा वास. आणि तो वास आला तसा काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आला, सगळाच्या सगळा. तुझं टोरांटोतलं पहिलं वर्ष होतं ते, म्हणून तुला त्यातलं अर्धंमुर्धंच ठाऊक आहे.

लवंगी म्हणजे तुझ्या आजोबांची गाडी, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण हे पत्र आणखी कुणी वाचलंच तर सांगून ठेवते. जपानी, जुनी, दोन सीटची, टप उघडणारी, आणि लाल. एवढीशी आणि इतकी तिखट की नाव मीच ठेवलं. हे आयुष्यभर बंदरावर तेलाच्या टाक्यांची देखभाल करायचे, म्हणजे आयुष्यभर गंजाशी भांडले. दुसऱ्याच्या लोखंडाचा गंज काढून काढून निवृत्त झाले, आणि त्या दिवशी मला म्हणाले, "सुमन, आता एक लोखंड स्वतःचं हवं." मला वाटलं, झोपाळा आणतायत. आली लवंगी.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. नजर कडेकडेने विझत जाणार, मधलं तेवढं उरणार. थेंब घाला, जपा, आणि गाडी चालवणं आजपासून बंद.  घरी आले, किल्ली देवघरात ठेवली, उदबत्तीच्या घराशेजारी, आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. दोन दिवस मी जेवणाचं ताट त्यांच्यापुढे ठेवायचे आणि ते वरण कालवत बसायचे, कालवत बसायचे.

तुझा बाबा त्याच्या घरून, मोहम्मद बिन झायद सिटीतून, धावत आला. त्याचं म्हणणं सरळ. "आई, विकून टाकू. उभ्या उभ्या सडेल ती. आणि मार्चमध्ये पासिंग आहे. खालून गंज निघाला तर फेल करतील."

"फेल झाली की खलास," हे खिडकीतूनच म्हणाले. "मग परत गाडी कशाला? डोळे नाहीत, गाडी नाही. बसेन घरात."

हे "बसेन घरात" मला सोसलं नाही, सई. ज्या माणसाने डोंगरातला एकेक रस्ता नावाने हाक मारल्यासारखा ओळखावा, त्याने घरात बसायचं? मी भाजी चिरता चिरता बोलून गेले, "मी चालवते की."

तुझ्या बाबाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवते म्हणाले. "आई, तू लोणच्याच्या डिलिव्हरीची व्हॅन चालवतेस. ऑटोमॅटिक. ही गिअरची आहे."

"लायसन्स गिअरचंच आहे माझं. तुम्ही शाळेत होता तेव्हा काढलंय."

"त्याला किती वर्षं झाली!"

"लोणचं मुरायला वेळ लागतोच," मी म्हणाले. खिडकीतून पहिल्यांदा हुं असा आवाज आला. हसण्याचा नव्हता, पण हसण्याच्या गावचा होता.

झालं. पणाला काय लागलंय ते आम्हा दोघांना न बोलता कळलं होतं. मार्चमध्ये लवंगी पास झाली तर यांचे रस्ते शाबूत. नाहीतर हे आणि खिडकी.

समुद्राजवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी शिकले. शिकले कसली, लवंगीला उड्या मारायला शिकवलं. क्लच सोडला की ती बेडकासारखी पुढे, आणि बंद. हे शेजारी बसलेले, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांच्या विझलेल्या कडेला. समोरचा रस्ता त्यांना दिसायचा, मी दिसायचे नाही. म्हणून ते मला ऐकायचे. इंजिनाचा सूर चढला की म्हणायचे, "दुसरा. हं, आता तिसरा. अगं ती ओरडतेय, ऐकू येत नाही का? तिला काय हवंय ते दे!" चाळीस वर्षं संसार केला, पण मला काय हवंय ते इतकं कान देऊन ऐकलं असतं तर, असं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "तू ओरडायच्या आधीच स्वतः गिअर बदलतेस. मला संधी कुठे देतेस?"

मग गाडी जपणं सुरू झालं. आमचा दिवस त्याच्याभोवती फिरायला लागला, आणि खरं सांगू, त्याच्यामुळेच आम्ही त्या हिवाळ्यात तरलो. समुद्राच्या रस्त्याने गेलं की आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ. वरून नव्हे, खालून! वरचा रंग सगळेच धुतात, तो फोटोसाठी असतो. मीठ चिकटतं पोटाला, चाकांच्या कमानींना, जिथे चिखल साठतो तिथे. यांनी बागेतलं फिरतं कारंजं आणलं, ते जमिनीवर ठेवायचं, लवंगी त्याच्यावरून हळूच पुढे-मागे घ्यायची. शेजारची केरळची मोली गॅलरीतून विचारायची, "आंटी, गाडी के नीचे बगीचा लगाया क्या?"

मग हे खाली बसायचे आणि बोटांनी गाडी वाचायचे. डोळे मिटून. दाराची खालची कड, चाकावरची कमान, टपाच्या खाचा. "इथे बघ, फुगलंय." मी बघायचे तर रंगाखाली एवढासा फोड, तेलात टाकलेली पुरी फुगायच्या आधी कडेला उचलते ना, तसा. घासायचा, पुसायचा, वरून लेप द्यायचा. कव्हर मात्र घालायचं नाही. मला आधी वाटायचं, कव्हर म्हणजे माया. हे म्हणाले, "ओल्या अंगावर गोधडी घालशील का पोराला?" दवाने भिजलेलं कव्हर गाडीला मीठ चोळत बसतं. तुझ्या गाडीवर कव्हर आहे का गं? काढ ते.

एक विचार मला तेव्हा पाणी मारता मारता यायचा. नळाचं हे पाणी कुठलं? याच समुद्राचं. मोठमोठ्या यंत्रांनी त्याच्यातलं मीठ काढून आपल्याला गोडं करून दिलेलं. ज्याने मीठ उडवायचं त्यानेच ते धुवायला पाणीही द्यायचं. या देशाने आम्हाला असंच वागवलं. घाम काढला, आणि तोंड धुवायला पाणीही दिलं. आम्ही इथलं मीठ खाल्लंय, मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त गाडीला लागू देणार नाही.

डिसेंबरात मिरजेहून आक्का आल्या, यांच्या थोरल्या बहीण. कानटोपी, शाल, आणि पिशवीत भडंग. पहिल्याच सकाळी मी त्यांना लवंगीत घातलं. टप उघडा. डोंगरातून मसाफीकडे निघालो. तो रस्ता हिवाळ्यात काय असतो, सई! डोंगर जांभळे, त्यांच्या सावल्या अजून झोपलेल्या, हवा लिंबाच्या सालीसारखी. आक्कांचा पदर मागे पताकेसारखा. सिग्नलला एक मोठी काळी गाडी शेजारी येऊन थांबली. आत पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला इथलाच तरुण. त्याने पाहिलं, नऊवारीतली एक म्हातारी, शेजारी पंजाबी ड्रेस आणि स्वेटरमधली दुसरी म्हातारी, लाल उघडी गाडी. त्याने काच खाली केली, इंजिन गुरगुरवलं आणि हसून म्हणाला, "मामा! यल्ला, रेस?" मामा म्हणजे त्यांच्यात आई, आणि यल्ला म्हणजे चल.

मी म्हणाले, "हबीबी, पीछे कुकर लगाके आयी हूँ, आज नहीं."

तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. आक्कांनी मात्र पदर डोक्यावरून ओढून घेतला. घरी येईपर्यंत तो सोडला नाही. मग यांना म्हणाल्या, "बाळू, येणारा-जाणारा बघतोय रे गाडीला. आणि सुमनला. एवढं कुणी बघितलेलं बरं नव्हे."

त्याच संध्याकाळी त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. आधी गाडीची, मग माझी, मग यांच्या डोळ्यांची. डोळ्यांवरून त्यांनी मूठ आणखी दोनदा फिरवली.  मोहऱ्या तव्यावर तडतडल्या. आक्का म्हणाल्या, "बघ, केवढी होती." हे म्हणाले, "आक्का, तवा तापला की मोहरी तडतडतेच." आक्का म्हणाल्या, "तू गप."

त्या संक्रांत करून गेल्या. जानेवारीत दोन मोठे पाऊस झाले, वाद्या, म्हणजे डोंगरातले एरवी कोरडे ओढे, वाहिल्या, रस्त्यांवर खारट गाळ आला. आम्ही वाट वाकडी करून जायचो, पाणी साचलेलं दिसलं की मी लवंगीला म्हणायचे, "चल बाई, चपला ओल्या करायच्या नाहीत." सगळं चुकवलं. आणि फेब्रुवारीत एका सकाळी गाडीतून उतरताना यांचा मोजा ओला. पायाखालचा गालिचा दाबला तर पाणी. तांबूस पाणी.

टप गळतोय म्हणून आम्ही टप बघितला. कोरडा. उन्हात उघडी ठेवली, वाळली. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओल. फक्त एकाच बाजूला, यांच्याच सीटखाली. हे बोटं फिरवून थांबले. मग म्हणाले, "पत्रा मऊ लागतोय." आणि उठून आत गेले. खिडकीत.

तुझ्या बाबाला फोन केला. तो या खेपेस "विका" म्हणाला नाही. म्हणाला, "आई, रास अल खोरला वर्कशॉपवाला आहे ओळखीचा. मी येतो. तू चालवतेस की मी?"

"मी," म्हणाले मी. तो त्याच्या गाडीने मागून आला.

त्या रस्त्यावर यांनी एकदाही गिअर सांगितला नाही. मला तेच सगळ्यात कठीण गेलं. इंजिन ओरडत होतं आणि शेजारून कुणी बोलत नव्हतं.

रास अल खोरच्या त्या गल्लीत डावी-उजवीकडे गाड्यांची आतडी काढून ठेवलेली, हवेत जळक्या लोखंडाचा वास. वर्कशॉपचे युसुफभाई पेशावरचे, पोट मोठं आणि जीभ त्याहून. लवंगीला वर उचलून खालून बॅटरी मारली आणि म्हणाले, "माशाल्ला, नीचे से तो दुल्हन है. किसने रखा ऐसा?" मी यांच्याकडे बोट दाखवलं. "फिर ये नमक कहाँ से आया, चाचा? बाहर से नहीं आया. अंदर से आया है."

गाडी खाली घेतली, सीट सोडवली. आणि सीटखालच्या खाचेत, अगदी आत सरकवलेली, एक पुरचुंडी. लाल खणाचा तुकडा, वर काळा दोरा. आत खडेमिठाचा चिखल आणि मोहऱ्या. मीठ रात्रभर हवेतली ओल ओढायचं आणि सकाळभर ठिबकायचं. आम्ही बाहेरून रोज गोडं पाणी मारत होतो, आणि आत दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं मीठ गाडी खात होतं.

 युसुफभाईंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यावर टेकवलं, ते आरपार गेलं. खालच्या लादीवरचा उजेड दिसला, बांगडीएवढा.

मी तिथूनच मिरजेला फोन लावला. स्पीकरवर.

"आक्का, गाडीत सीटखाली मीठ तुम्ही ठेवलंत?"

"मग! कुणाला सांगितलं असतं तर गुण गेला असता त्याचा. का गं? दृष्ट लागली का कुणाची?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाळू बरा आहे ना? त्याच्याच सीटखाली ठेवलं होतं मुद्दाम."

मी तोंड उघडलं, आणि यांनी हात पुढे करून फोन माझ्याकडून घेतला. चाचपडत. "आक्का," म्हणाले, "नाही लागली. कुणाची लागली नाही." आणि फोन ठेवला, आणि हसायला लागले. अगं, पोट धरून! खुर्चीत बसले, चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले. "समुद्र चुकवला, पाऊस चुकवला, वादी चुकवली! आणि आक्काने माझ्या बुडाखालीच मीठ पेरलं!" युसुफभाईंना हिंदीत सांगितलं तर तेही गदागदा. तुझा बाबा भिंतीला टेकून हसत होता आणि मी रडत होते, कारण डॉक्टरांकडून आल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

भोक बांगडीएवढं होतं म्हणून वाचलो. महिनाभर उशीर झाला असता तर सीटचे बोल्टच सुटले असते आणि मग कुठलंच पासिंग नाही. युसुफभाईंनी खराब पत्रा कापला, नवा जोडला, लेप दिला. म्हणाले, "अम्मा, इन्शाल्ला पास होगी. पर अब नमक सिर्फ दाल में."

पासिंगच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो. लवंगी आत खड्ड्यावर, खाली एक मुलगा बॅटरी घेऊन. हे माझा हात धरून होते, आणि इतक्या वर्षांत चारचौघांत यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मुलगा वर आला, कागदावर शिक्का मारला, आणि "खलास, आंटी, पास" म्हणून पुढच्या गाडीकडे गेला. त्याला काय माहीत त्याने काय दिलं ते! मी त्याला बेसनाचे लाडू द्यायला धावले. तो गोंधळला, पण घेतले.

येताना डोंगरात शिरलो तसं शेजारून आलं, "तिसरा. अगं, तिसरा टाक, ती ओरडतेय."

मी मुद्दाम थोडा वेळ ओरडू दिली.

आक्का अजून दर फोनला विचारतात, "पुरचुंडी आहे ना गाडीत?" मी सांगते, आहे. खोटं नाही गं. मीठ-मोहऱ्या आहेत, खणाचा तोच तुकडा आहे, फक्त आता घट्ट झाकणाच्या काचेच्या छोट्या बरणीत, लोणच्याच्या नमुन्याची असते ना, तशी. मीठ काचेत ठेवावं, लोखंडाजवळ नाही, हे मला माहीत. आणि बाळूच्या जवळ ठेवावं, हे आक्कांना. दोघींचं राहिलं.

तर सांगायचं असं, की आज रात्रीच गाडी धुवायला घेऊन जा. खालून. गरम गॅरेजमध्ये मिठासकट उभी करू नकोस, ऊब मिळाली की ते आणखी हावरं होतं. दारांच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मोकळी कर. आणि डोळे मिटून एकदा बोटं फिरव. आजोबा विचारतील, काय लागलं म्हणून.

त्यांच्या नजरेचं मधलं अजून आहे. पण गेल्या वर्षी पुरणपोळीएवढं होतं, ते यंदा पुरीएवढं झालंय. घाटातला समोरचा रस्ता दिसतो, वळणावरची बोरीची झाडं मी सांगते. डॉक्टर म्हणतात, जपून आहे, राहील तेवढं राहील. तक्रार नाही. आम्हाला त्या हिवाळ्यानंतर इतके हिवाळे मिळाले, पासिंगच्या बाकावर बसून मी एवढे मागितलेही नव्हते.

फक्त एक आहे. लवंगीला दोनच सीट. यंदा माझी मी तुला देते. दव पडतंय, डोंगर जांभळे झालेत, फेब्रुवारीपर्यंत हवा अशीच असेल. ये. तू चालव, ते शेजारी बसतील, तुला गिअर सांगतील, तू चुकलीस तर वैतागतील. मी घरी कुकर लावते. पण चालवताना तू त्यांच्या डाव्या हाताला असशील, तिथे त्यांना काही दिसत नाही. म्हणून मसाफीच्या पुढे करक चहाची, म्हणजे इथल्या दाट दुधाच्या चहाची, टपरी आहे, तिथे गाडी थांबव, उतर, आणि त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहा. थोडा वेळ. पोरगी केवढी झाली ते त्यांना एकदा नीट बघू दे.

लवकर ये गं.